वाटीचं वजन : नवशिक्यांसाठी

आधी वाटी शोधा. कुठलीही चालणार नाही. आजीने वहीत 'दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी पातळ तूप' लिहिलं तेव्हा तिच्या हातात जी होती, तीच. घरात सापडली नाही तर थोरल्या काकींकडे विचारा. वाटण्या झाल्या की वाट्या तिकडेच जातात.

नाहीच मिळाली तरी रडू नका. तिन्ही जिनसांना एकच वाटी वापरली, तर ती लहान असो की मोठी, नानकटाई बिघडत नाही. घोळ होतो तो दिवाळीच्या तोंडावर, सामान पिशवीत भरून बेकरीच्या भट्टीवर गेल्यावर. आमच्या लोंढ्याकडचा भट्टीवाला म्हणतो, "अक्का, वाटीत नको, किलोत सांगा की." आणि अक्का बेधडक सांगते : मैदा दोन किलो, साखर एक, तूप एक.

इथे काटा बाहेर काढा. कप २४० मिलिलिटरचा घ्या. (ऑस्ट्रेलियाचा २५०चा असतो, जपानचा २००चा, तेव्हा व्हिडिओतली बाई कुठली, ते आधी बघा.) या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर सुमारे २००, पिठीसाखर १२०, पातळ तूप २१५. मैद्याचा मात्र भरवसा नाही. चमच्याने हलकेच भरला तर १२०, डब्यात कप खुपसून काढला तर १५०, आणि आपटून आपटून भरला तर त्याच्याही वर. हलक्या हाताचा हिशेब धरला, तर आजीच्या दोन वाट्या मैदा आणि एक वाटी तूप वजनाला जवळजवळ सारखेच! आम्ही दोन किलो मैद्याला एक किलो तूप नेलं. लागलं असतं पावणेदोनच्या वर. आजीची नानकटाई जिभेवर विरघळायची. आमची चहात बुडवून खाल्ली, तीही पाहुण्यांना न दाखवता.

घरातल्या थोरांना शेर म्हणजे किती, हे विचारू नका. दुपार जाईल. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भरून मोजायची मापं. पण वजनाचाही एक शेर होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. नाव तेच! आमच्या घराण्यात निम्मे गैरसमज या एका शब्दावर पोसलेत.

१९५६ साली आमचा, म्हणजे लोंढ्याचा, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच वर्षी मेट्रिक वजनमापांचा कायदाही झाला. पहिल्या गोष्टीचा वाद अजून मिटलेला नाही. दुसरी सर्वांनी मुकाट्याने मान्य केली, फक्त स्वयंपाकघर सोडून. लोंढ्याचे तर रूळही बदलले. मीटरगेजचे १,००० मिलिमीटर होते, त्यांचे ब्रॉडगेजला १,६७६ झाले. एक गाडी हुबळीला जाते, एक गोव्याला, कुणाची तक्रार नाही. वाटी मात्र हलायला तयार नाही.

पावसाळ्यात तर तिच्यावर अजिबात विसंबू नका. इथल्या जंगलातल्या पावसात डबा कितीही घट्ट लावा, मैदा ओल धरतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि वाटी मधे पोकळ राहून वर शिगोशीग दिसते. काटा त्या ओलीचंही वजन करतो हे खरं, पण पोकळीचं करत नाही.

आता काकींकडे जा. त्यांच्याच हाताने वाटीत मैदा भरून घ्या, कारण त्या आजीसारखा भरतात. रिकाम्या वाटीचं वजन वजा करा आणि आकडा आजीच्या वहीत, तिच्या ओळीखाली, पेनने लिहा. तुपाचंही तसंच. चिमूटभर वेलचीपूड तेवढी चिमटीनेच घाला. घरचा काटा एका ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही.