शेवटी जॉनच ना!

वसईत कुणाकडे बाप्तिस्म्याचं जेवण असलं की मांडवात एक काका असतातच. मटणाकडे त्यांचं लक्ष नसतं. ते आधी बाळाचं नाव विचारतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "म्हणजे शेवटी जॉनच ना!"

बाळाचं नाव असतं इयान. आळीत दुसऱ्या कुणाचं नको, एवढ्या अटीवर आईबापांनी रात्र-रात्र मोबाइल चाळून शोधलेलं. काका त्याची सालं काढायला लागतात. "इयान म्हणजे स्कॉटलंडचा जॉन. तुझा पुतण्या शॉन, तो आयर्लंडचा. तू स्वतः इवान, म्हणजे रशियाचा. आणि बाळाचे पणजोबा तर उघडउघड जॉन. अरे, घरात एकच नाव किती वेळा ठेवाल?"

पंचाईत अशी की माणूस खोटं बोलत नाही. मूळ हिब्रू नाव योहानान, म्हणजे परमेश्वराने कृपा केली. ग्रीकांकडून आणि रोमनांकडून ते युरोपभर फिरलं आणि ज्याची जीभ जशी वळली तसं झालं. स्पेनमध्ये हुआन, इटलीत जोव्हान्नी, हंगेरीत यानोश, आर्मेनियात होव्हानेस. जर्मनांनी योहान ठेवलं आणि लाडाने हान्स केलं. शेजाऱ्यांच्या नातवाचं नाव याह्या आहे असं कळलं, तर काका "कुराणातला योहान!" म्हणत त्या पोराला उचलूनच घेतात. पोर रडतं.

पोर्तुगीज जुआंववर मात्र ते रेंगाळतात. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसईचा किल्ला घेतला, पण पोर्तुगीज आडनावं इथेच राहिली, त्यामुळे हा विषय काकांना घरचा वाटतो. मग गोव्याचं सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण, येतं. 24 जूनला डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या टाकतात, ती एलिझाबेथच्या उदरात बाळ योहानाने मारलेल्या उडीची आठवण. काका स्वतः कधी उडी मारत नाहीत. काठावरून उडीचा अर्थ सांगतात.

एकदा फादरनी त्यांना अडवून पाहिलं. म्हणाले, "काका, लूकच्या शुभवर्तमानातही योहानाचं नाव ठेवताना नातेवाईक असेच आडवे आले होते. हे नाव तुमच्या कुळात कुणाचंच नाही, अशी त्यांची तक्रार. मुक्या झालेल्या बापाला, जखऱ्याला, शेवटी पाटीवर लिहून द्यावं लागलं."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "तिथे कुळात एकही नव्हता. इथे दुसरा कुणी उरलाच नाही."

अखेर बाळाची आई पुढे आली. मघापासून तीही मोबाइलवर काही शोधत होती. "काका, तुमचं नाव जेम्स ना? म्हणजे मुळात याकोब. भावाची टाच धरून जन्मला आणि पुढे त्याचा आशीर्वादही लाटला, तोच ना?"

मांडव हसला. काकांनी मात्र लगबगीने खुर्ची पुढे ओढली. "अगदी बरोबर! मराठी बायबलात जेम्स आणि जेकब दोघेही याकोबच. फ्रेंचांचा जाक, इटलीचा जाकोमो, केरळातला चाको... आणि स्पेनचा सांतियागो तर फारच मजेदार आहे. बस ना, उभी का?"