ग्रिडशास्त्री

पाळण्यातलं नाव काहीही असो, ऑफिसात त्यांना सगळे ग्रिडशास्त्रीच म्हणतात. डेस्कटॉप सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत असा एक तरी गृहस्थ असतोच. त्यांच्याकडे काहीही मागा, "त्याचा कंट्रोल मिळतो" हे उत्तर ठरलेलं. आलेख? मिळतो. कॅलेंडर? मिळतं. साधं बटण? "साधं कशाला, ग्रेडियंटवालं मिळतं!"

१९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं, बाहेरचे व्हीबीएक्स कंट्रोल फॉर्मवर टाकायची सोय झाली आणि हा संप्रदाय फोफावला. व्हीबीएक्स गेले, ओसीएक्स आले. मग डॉटनेट आलं. शास्त्रीबुवांनी प्रत्येक पिढीत आयत्या पिठावर मनसोक्त रेघोट्या ओढल्या.

परवा एका पतसंस्थेचं काम आलं. जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, ते विंडोजवर आणायचं. शास्त्रीबुवांनी दैनिक जमेच्या फॉर्मवर महागडं ग्रिड चढवलं. कॉलमचं शीर्षक माऊसने ओढून वर टाकलं की नोंदींचे गट पडतात, डोक्यावर फिल्टरची ओळ, आणि स्किन हॅलोवीनची. पतसंस्थेच्या पडद्यावर भोपळे!

कॅशियरबाईंनी भोपळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाते क्रमांक, एन्टर, रक्कम, एन्टर अशी त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांची सवय. इथे एन्टर दाबला की कर्सर सरळ खालच्या ओळीत.

"अहो, रक्कम कुठे टाकू?"

"टॅब दाबा ना मॅडम."

"एका हातात नोटा असतात हो माझ्या. टॅब पार त्या टोकाला!"

"तो आपला बग नाही," शास्त्रीबुवांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. "सपोर्टला टिकीट टाकलंय." यथावकाश उत्तर आलं : बाय डिझाइन. मग शास्त्रीबुवा प्रॉपर्टी विंडोत शिरले, ते जेवायलाही बाहेर येईनात. तेवढ्यात बिल्ड मशीनवर लायसन्सची फाइल राहून गेली आणि संस्थेच्या चेअरमनसाहेबांसमोर पडद्यावर झळकलं, 'ट्रायल व्हर्शन'. "म्हणजे पैसे ट्रायलचेच द्यायचे का?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

अखेर एका ट्रेनी पोराने एन्टर मध्येच पकडून त्याचा टॅब केला. कोड मोजून तीन ओळी. बाई खूश झाल्या आणि लगे हात म्हणाल्या, "ते गट नकोत, फिल्टर नको, भोपळे तर मुळीच नकोत." एकेक सोय बंद करत गेल्यावर जे उरलं, ते व्हिज्युअल स्टुडिओबरोबर २००५ पासून फुकट येणाऱ्या डेटाग्रिडव्ह्यूपेक्षा वेगळं ओळखता येईना.

शास्त्रीबुवा मात्र खचले नाहीत. पोराच्या त्या तीन ओळींची त्यांनी डीएलएल केली, तिला सेटअप जोडला, अबाऊट बॉक्स दिला आणि लायसन्स कीही लावली. हल्ली त्या पोराने प्रोजेक्ट उघडला, की त्यालाच मेसेज येतो : 'आपली तीस दिवसांची ट्रायल संपली आहे.'