घरोघरी गुरुकुल

जीवनाचे मर्म जाणण्यासाठी पूर्वी लोक हिमालयात जात. आता टू बीएचके पुरतो. नागपुरातील आमच्या एका स्नेह्यांनी घरी मांजर, हस्की आणि पोपट असा पूर्णवेळ गुरुजनवर्ग नेमला आहे, ही बाब सर्वथा अनुकरणीय होय.

दिवसाचे 12 ते 16 तास झोपणारी मांजर त्यांना कर्मयोग शिकवते. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी जन्मलेला हस्की 45 अंशांच्या मे महिन्यात एसीखाली जीभ काढून ‘परिस्थितीशी जुळवून घ्या’ यावर प्रात्यक्षिक देतो. विजेचे बिल हीच काय ती गुरुदक्षिणा. शासनाने या विद्येला पदविकेचा दर्जा द्यावा आणि उत्तरपत्रिका हस्कीने फाडल्यास विद्यार्थ्याला उत्तीर्ण समजावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

सर्वोच्च धडा, म्हणजे स्वातंत्र्याचे मोल, मात्र पिंजऱ्यातल्या मिठूने दिला, असे स्नेही सद्गदित होऊन सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणे गुन्हा आहे खरे. पण विद्यादानाला कायद्याची आडकाठी कशाला? पंख तेवढे वेळच्या वेळी छाटावे लागतात. असा गुरू एकदा उडाला की पुन्हा मिळत नाही.