गाडी बदलायची गावं

माझं गाव मिरज. पुण्यात येऊन मला पस्तीस वर्षं झाली आणि या वाक्यावर पस्तीस वर्षं दोनच उत्तरं मिळतायत. पहिलं, "हां हां, सांगलीजवळ!" दुसरं त्याहून जिव्हारी लागणारं, "मिरज ना? आम्ही तिथं गाडी बदलली होती. रात्री दोन वाजता. डास फार."

एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ आमच्या जंक्शनात भेटायचे. कुणी कोल्हापूरला अंबाबाईकडे निघालेलं, कुणी पंढरपूरला विठोबाकडे, कुणी बेळगावला मेव्हण्याकडे. सगळे मिरजेत उतरायचे आणि मिरज सोडून सगळीकडे जायचे. गावात पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतायत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत, पण प्रवाशाच्या आठवणीत राहतात ते डास. त्यात माझी बायको सांगलीची. 1998 साली सांगली-मिरज-कुपवाड अशी एकत्र महानगरपालिका झाली, तेव्हा हिनं पेढे आणले होते. नावात सांगली आधी आली म्हणून.

हे दुःख घेऊन मी युरोपात गेलो. चिरंजीव आइंडहोव्हनला नोकरी करतात. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबा, बार्सिलोनाचं तिकीट एकोणीस युरोला मिळतंय. काढून टाकू?" मी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणालो, "काढ." एवढ्यात पुण्याहून मिरजेला टॅक्सीसुद्धा येत नाही.

तिकिटाची प्रिंट हातात आल्यावर चष्मा लावला. बार्सिलोनाच्या पाठीला चिकटून अजून एक नाव होतं, जिरोना. नकाशा उघडला. विमान जिथं उतरणार ते ठिकाण बार्सिलोनापासून सुमारे 90 किलोमीटर. "पुण्यापासून फक्त वीस मिनिटं" अशी जाहिरात वाचून आम्ही एकदा प्लॉट बघायला गेलो होतो, तेव्हा वाटेत दोनदा जेवावं लागलं होतं. तोच वास आला.

मुलानं मग मला शिकवणी दिली. 1990च्या दशकात युरोपनं आपलं आकाश टप्प्याटप्प्यानं मोकळं केलं. 1997पासून युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाची विमान कंपनी संघातल्या कुठल्याही दोन गावांमध्ये उडू लागली. मोठ्या विमानतळांचं भाडं जास्त, गर्दी जास्त. मग स्वस्त कंपन्यांनी आडबाजूच्या धावपट्ट्या शोधल्या. काही तर जुने लष्करी तळ. जर्मनीतल्या हान गावी शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची लढाऊ विमानं असायची. अमेरिकेनं 1993 साली तो तळ सोडला. धावपट्टी उरली, ती नागरी विमानतळाला मिळाली आणि तिला नाव लागलं फ्रँकफर्ट-हान. फ्रँकफर्ट तिथून सुमारे 120 किलोमीटर. साताऱ्यात उतरवून "आलं पुणं" म्हणण्यातलाच प्रकार. स्टॉकहोमच्या नावानं स्काव्हस्ता हे विमानतळ आहे, तेही शंभरेक किलोमीटरवर. गाव लहान म्हणून शेजारच्या थोरल्याचं नाव लावून घ्यायचं! मला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं.

स्वस्त तिकिटाची एक अट असते. सीटखाली मावेल एवढीच पिशवी. ती मावते की नाही हे बघायला दारात एक लोखंडी साचा ठेवलेला असतो. हिनं मोदकाच्या साच्यासारखा त्याचा अंदाज घेतला आणि सारण कमी करायला बसली. तीन स्वेटर मी अंगात घातले. भाजणी कोटाच्या डाव्या खिशात, मेतकूट उजव्या. लिंबाच्या लोणच्यावर सुरक्षा तपासणीत चर्चासत्र झालं. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव न्यायला बंदी होती हे खरं, पण लोणचं द्रव की घन? अधिकाऱ्यानं बरणी तिरकी करून पाहिली. खार हलला, फोडी हलल्या नाहीत. त्यानं सहकाऱ्याला बोलावलं. शेवटी लोणचं द्रव ठरलं आणि तिथंच राहिलं. ते विमानतळ कुठलं हे सांगत नाही, पण तिथल्या कुणाच्या तरी घरी पुढचा आठवडाभर जेवण रुचकर झालं असणार.

जिरोनाला उतरलो. बार्सिलोनाची बस समोर उभी होती. पण स्पेनमधल्या जूनच्या उन्हात तीन स्वेटर घालून मी बसमध्ये शिरलो असतो तर उतरताना उकडलेलाच उतरलो असतो. बाकावर बसून एकेक सोलून काढेपर्यंत बस गेली. पुढची दीड तासानं.

"आता इथं बसून काय करायचं? मिरजेच्या फलाटावर बसल्यासारखं?" ही म्हणाली.

पस्तीस वर्षांच्या संसारात टोमण्यातून तीर्थयात्रा घडल्याची ही पहिलीच वेळ. दुसरी एक बस जिरोना गावात जाणार होती. गाव फक्त बारा किलोमीटरवर. गेलो.

ओन्यार नदीच्या काठाला लागून पिवळी, नारिंगी, तांबडी घरं, इतकी पाण्यालगत की खिडकीतून हात काढून कपडे धुता यावेत. नदीवर लाल लोखंडी पूल. तो एफेलच्या कंपनीनं 1877 साली बांधला, म्हणजे पॅरिसचा मनोरा उभा राहायच्या बारा वर्षं आधी. पुढं नव्वदेक पायऱ्या चढून कॅथेड्रल. आत गेल्यावर खांब शोधत बसलो. मधे एकही नाही. गॉथिक शैलीतला जगातला सर्वांत रुंद गाभा, जवळजवळ 23 मीटर. बांधताना लोकांचा धीर सुटला होता. एवढी कमान पडली तर? म्हणून 1416 साली स्थपतींना बोलावून सभा घेतली आणि प्रत्येकाचं मत शपथेवर नोंदवून घेतलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून असंच झालं होतं. फरक इतकाच की जिरोनाच्या सभेनंतर काम झालं.

गावात एका खांबावर दगडी सिंहीण चढलेली आहे. जिरोनाला परत यायचं असेल तर तिच्या पार्श्वभागाचं चुंबन घ्यावं अशी रीत. हे मी हिला भाषांतर करून सांगितलं, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं त्या सिंहिणीनंही खाली उडी मारली असती. "तुम्हाला यायचं असेल तर तुम्ही घ्या. मी मुलाला सांगून तिकीट काढेन." मी आजूबाजूला कुणी मराठी बोलत नाही ना याची खात्री केली आणि नुसता हात लावून नमस्कार केला. देवाला चालतं, सिंहिणीलाही चालेल.

चार दिवसांपैकी अडीच जिरोनात गेले. बार्सिलोना आम्ही उरलेल्या वेळात पाहिलं. फार सुंदर आहे. जिरोनाजवळ.

पुढच्या महिन्यात आगगाडीनं पॅरिसला गेलो. तिथून मिलानचं विमान होतं, तिकिटाच्या दोन्ही टोकांना मोठी नावं. मी आता शहाणा झालो होतो, दोन्हींच्या शेपट्या वाचल्या. पॅरिसची शेपटी बोव्हे. अंतर सुमारे 85 किलोमीटर. विमान पहाटेचं, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम केला.

बोव्हेचं कॅथेड्रल पाहून मी रस्त्यावरच थांबलो. इमारत पुढून प्रचंड आणि मागून नाहीच. एखाद्या हत्तीचं डोकं आणि खांदे उभे करून मूर्तिकार जेवायला गेला, तो गेलाच. 1225 साली इथल्या लोकांनी ठरवलं, आपलं देऊळ सगळ्यांत उंच हवं. छत 48 मीटरवर नेलं, गॉथिक छतांमध्ये त्याहून उंच आजही नाही. 1284 साली त्यातला काही भाग कोसळला. कुणाही शहाण्यानं इशारा घेतला असता. यांनी दुरुस्ती केली आणि पुढं 153 मीटरचा मनोरा चढवला. तो 1569 साली पुरा झाला आणि 1573 साली पडला. चार वर्षं! आमच्याकडे मंडप काढायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग पैसा संपला, उमेद संपली, आणि मागची बाजू बांधायची राहिली ती राहिलीच. तिथं त्याआधीचं जुनं बुटकं चर्च अजून निवांत उभं आहे. वाडा पाडून टॉवर बांधायचा करार झाला आणि बिल्डर पळाला, की कोपऱ्यातल्या आऊटहाऊसला जे समाधान वाटत असेल ते त्याच्या दगडांवर दिसतं. आत आता आधारासाठी लाकडी-लोखंडी टेकू लावलेत. म्हातारपणी गुडघ्याला पट्टे बांधून बसलेल्या पैलवानासारखं ते देऊळ बसलंय. ज्या गावानं आभाळाला हात लावून पाहिला, त्याच्या विमानतळाला आज पॅरिसचं नाव लावून गिऱ्हाईक बोलवावं लागतं. मला भरून आलं. हिला वाटलं, थंडी वाजतेय. स्वेटर काढून दिला.

चौकात एका बाईचा पुतळा आहे, हातात कुऱ्हाड. जान आशेत. 1472 साली बर्गंडीच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा तिनं तटावर चढलेल्या शत्रूचं निशाण हिसकावलं म्हणतात. राजानं खूश होऊन हुकूम काढला, की विजयाच्या मिरवणुकीत इथल्या बायकांनी पुरुषांच्या पुढं चालावं. हे मी हिला सांगायला नको होतं. बोव्हेपासून आइंडहोव्हनपर्यंत मला रस्त्यात हिची पाठच दिसली.

मिलानची शेपटी बेर्गामो. विमानतळ बेर्गामो शहरापासून पाचच किलोमीटर, मिलानपासून पन्नासेक. त्याला नाव दिलंय काराव्हाज्योचं. हा चित्रकार 1606 साली रोममध्ये एकाला ठार मारून पळाला आणि पुढची चार वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, गावं बदलत राहिला. विमानतळाला शोभतं. बाहेर मिलानच्या बसला दोनशे माणसं रांगेत, गावाच्या बसला सहा. त्यांतले दोन आम्ही.

बेर्गामो दोन मजली आहे. खाली व्यवहार, वर इतिहास, आणि मधे 1887 सालची, दोरानं ओढली जाणारी चढणीवरची गाडी. वरच्या गावाभोवती व्हेनिसनं 1561पासून सहा किलोमीटरचा तट बांधला. त्यासाठी शेकडो घरं पाडली, एक मोठं पुरातन देऊळही पाडलं. आणि एवढं करून त्या तटावर मोठी लढाई कधी झालीच नाही. हिला हे फार पटलं. "माळ्यावर पाहुण्यांसाठी गाद्या करून ठेवल्यात ना आपण, तसंच." त्या गाद्यांना 2017 साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आमच्या माळ्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

चौकामागं कोल्लेओनी नावाच्या सेनापतीचं समाधीमंदिर. त्याच्या लोखंडी दारावर त्याचं कुलचिन्ह आहे, लोक नशिबासाठी ते चोळतात आणि ते सोन्यासारखं चकाकतं. त्या चिन्हात नेमकं काय आहे, हे इटालियन भाषेत त्याच्या आडनावाशी फारच जवळचं आहे. मी हिला सांगितलं, हृदयं आहेत. तिनंही भक्तिभावानं हात फिरवला. हे वाचेपर्यंत तिला माहीत नव्हतं.

शेजारच्या चर्चमध्ये दोनीझेत्तीची समाधी. सत्तरच्या आसपास ऑपेरा लिहिणारा हा माणूस 1797 साली याच गावात जन्मला, पॅरिस-व्हिएन्ना गाजवून मरायला इथंच परतला आणि 1848 साली गेला. मिलानच्या बसमधल्या दोनशे लोकांना यातलं काय ठाऊक? मी त्या समाधीपाशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. ही शेजारी येऊन हळूच म्हणाली, "तुमच्या खाँसाहेबांची आठवण आली ना?" मी मान हलवली. एरवी "तुमच्या" या शब्दावर आमचं भांडण होतं.

मग तिनं आइस्क्रीम मागितलं. दुधाच्या आइस्क्रीममध्ये चॉकलेटचे कपचे घातलेलं, स्त्राच्चातेल्ला. जगभर मिळतं, पण ते 1961 साली याच गावातल्या एका दुकानात जन्मलं.

रात्री दहाला मनोऱ्यावरची घंटा वाजू लागली. व्हेनिसच्या काळी या ठोक्यांवर वेशीचे दरवाजे बंद व्हायचे. दरवाजे आता उघडेच असतात, ठोके मात्र रोज शंभर पडतात. आम्ही बाकावर बसून मोजले. माझे अठ्ठ्याण्णव भरले, हिचे शंभर. पस्तीस वर्षांच्या अनुभवानं मी दोन माझ्याकडून घातले. खाली दूरवर विमानतळाचे दिवे दिसत होते. एक विमान उतरलं. "आली गाडी," ही म्हणाली. "आता सगळी उतरतील आणि जातील मिलानला."

मिलानला आम्ही गेलोच नाही.

पुण्यात परतल्यावर सोसायटीच्या बाकावर चौकशी झाली. "मग, काय काय पाहिलंत वहिनी?"

"जिरोना, बोव्हे, बेर्गामो."

समोरच्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. पस्तीस वर्षं पाहतोय. "बेर्गामो? ते कुठं आलं? अच्छा, मिलानजवळ!"

मी सवयीनं मान खाली घातली. तेवढ्यात सांगलीच्या माहेरवाशिणीचा आवाज आला.

"नाही हो. मिलान आहे ना, ते बेर्गामोजवळ आहे."

त्या संध्याकाळी चहाबरोबर भडंग होतं. सांगलीहून आलेलं. मी दोनदा मागून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो नाही, की मिरजेत याच्याहून चांगलं मिळतं.