वरातीमागून घोडं

आमच्या नणंदबाई दर दिवाळीला पुण्याहून रायपूरला माहेरी येतात आणि येताना एक इच्छा घेऊन येतात. तीन वर्षांपूर्वीची इच्छा 'अस्सल छत्तीसगढी जेवण' ही होती. म्हणजे आम्ही घरात एरवी खातो तोच चीला आणि तोच फरा त्यांना खेड्यातल्या चुलीवरचा, पानाच्या द्रोणात हवा होता. गेल्या वर्षी मी चकलीच्या भाजणीची डाळ निवडत असताना फोन आला.

"वहिनी, यंदा मुलांना खेड्यात नेऊ या. शेत, विहीर, चूल आणि हॉर्स रायडिंग. आमच्यात कुणालाच येत नाही, तेव्हा अगदी नवशिक्यांचं हवं. शांत घोडा बघून ठेव."

शांत बघण्याआधी मुळात घोडा बघायला हवा होता, हे मी चाचरत सांगितलं.

"माथेरानला तर पावलोपावली मिळतात!"

माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून माणसाला घोडा आठवतो. नणंदबाई जन्मल्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात, शिकल्याही रायपुरातच; पण पुण्याला गेल्यावर सहा महिन्यांत त्यांनी 'करून राहिली' म्हणणं सोडलं आणि त्याबरोबर इथला भूगोलही सोडला. हा भाताचा मुलूख. 'धान का कटोरा' असं इथले लोक अभिमानानं सांगतात. गुडघाभर चिखलात घोड्याचं काम काय? इथे बैल लागतो, नाहीतर रेडा. पोळ्याला पोरं मातीचा 'नंदिया बइला' चाकांवर ओढत फिरतात. घोड्याच्या नावाचा सण काही माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं सासऱ्यांनी ऐकलं आणि खुर्चीतच ताठ झाले. "घोड्याचं काम काय म्हणतेस? अगं, आपण इथे आलो कशावरून?"

हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून चारदा निघतो. 1741 मध्ये रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालच्या वाटेवर रतनपुरावर आले आणि छत्तीसगढात मराठे शिरले. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात बसून एकोणतीस वर्षं कारभार केला. मोडी आली, मराठी आली, आणि सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमचे मूळपुरुषही आले. घोड्यावरून. शिलेदार म्हणून. याला कागद नाही, पण सासऱ्यांचा आवाज असा लागतो की कागद मागायची हिंमत होत नाही.

"आणि आज त्यांच्या पणतीला बसायला घोडं मिळत नाही!" त्यांनी पेपर मिटला.

इभ्रतीचा प्रश्न झाला म्हटल्यावर नवरा कामाला लागला. पहिला घोडा त्याच दिवशी संध्याकाळी घरी आला. कोंडागावचा, ढोकरा कामाचा, ओतीव, वीतभर उंचीचा. "शांत आहे," नवरा म्हणाला. मी तो टीव्हीवर ठेवला.

मग कुणीतरी सांगितलं की मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी तट्टू असतं. मरीन ड्राइव्ह म्हणजे आमचा तेलीबांधा तलाव. समुद्र नाही म्हणून रायपूर अडून राहिलं नाही. आम्ही दोघं पूर्ण फेरी मारून आलो. बॅटरीवरच्या मोटारी होत्या, फुगे होते, चाट होती. तट्टू नव्हतं. त्यानंतर शहराबाहेरच्या एका फार्महाउसचं पत्रक हाती लागलं, त्यात 'हॉर्स रायडिंग' असं ठसठशीत छापलेलं. रविवारी पंचवीस किलोमीटर गाडी हाकत गेलो. घोडा होता. फायबरचा, पांढरा, पुढचे दोन पाय उचललेला, फोटोसाठी. पाठीवर चढायला लोखंडी शिडीसुद्धा होती. इतका नवशिक्यांना सोयीचा घोडा पृथ्वीवर दुसरा नसेल.

घोडं कुठे पेंड खातं ते अखेर आमच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं. कपड्यांचा गठ्ठा ठेवता ठेवता तो म्हणाला, "भाभी, शादीवाली घोड़ी ले लो ना. अभी तो सब खाली खड़ी हैं."

मला एकदम लख्ख दिसलं. चातुर्मास! आषाढीला देव झोपले की लग्नं बंद, ती देवउठनी एकादशीपर्यंत. दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच्या आधी संपते. म्हणजे नवरदेवांच्या सगळ्या घोड्या चार महिने बिनपगारी रजेवर आपापल्या गावी उभ्या. शिवाय विचार करा, नवरदेव म्हणजे कोण? ज्याला घोड्यावर बसता येत नाही, डोळ्यांवर सेहरा असल्यामुळे पुढचं दिसत नाही, आणि आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयानं ज्याचे पाय लटपटताहेत असा माणूस. वर कानाशी बँड, पायाशी फटाके, भोवती नाचणारे मित्र. यातून शेकडो नवशिक्यांना सुखरूप मांडवात पोचवणारं जनावर म्हणजे विद्यापीठच. माथेरानचं तट्टू काय, झाडीतून चालतं.

घोडीवाल्याला फोन लावला. राजिमच्या वाटेवर, अभनपूरच्या पुढे त्याचं गाव.

"दूल्हा कहां का है?" त्यानं पहिलाच प्रश्न टाकला.

"दूल्हा नहीं है."

बराच वेळ शांतता. "फिर बैठेगा कौन?"

"बच्चे बैठेंगे. बच्चों के मां-बाप भी."

"बारात कितने बजे उठेगी?"

अर्ध्या तासानं त्याला एवढं पटलं की ही माणसं शहरातली असली तरी पैसे देणार आहेत. हजार रुपये, पाडव्याच्या सकाळी. घोडीचं नाव बिजली.

पाडव्याला आंघोळी, ओवाळणी उरकून आम्ही आठ माणसं दोन गाड्यांतून निघालो. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलेलं, काही शेतांत कापणी सुरू. आमचे नंदावे तयारीचे गृहस्थ. त्यांनी महिनाभर व्हिडिओ पाहून घोडेस्वारी अर्धीअधिक संपवली होती. गाडीत त्यांनी सगळ्यांना शिकवणी दिली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. चढायचं डावीकडून, कारण पूर्वी तलवार डाव्या कमरेला असे. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली. कान मागे पाडले की समजायचं, स्वारी रागावली आहे. शेवटी ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "आणि घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये म्हणतात. दादा, तुमचं वजन?"

"ब्याण्णव," नवरा हळूच म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला घोडा लागेल 460 किलोचा. खोगीर वेगळं."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याला बढती मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता. शास्त्रानंच सुटका केली होती.

बिजली चिंचेखाली उभी होती. पांढरी, थोडी पिवळटलेली, मारवाडी घोड्यांचे असतात तसे कान आत वळून टोकांनी एकमेकांना भिडणारे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. लग्नसराईत अंगावर चढणारी जरीची झूल दोरीवर वाळत होती. भाचीनं तळहात सपाट करून त्यावर गुळाचा खडा धरला. बिजलीनं ओठांनी तो असा उचलला की पोरीच्या हाताला नुसता ओलसर मखमलीचा स्पर्श झाला. मग घोडीवाल्यानं खोगीर ठेवलं आणि पोटाखालचा तंग आवळायला घेतला. बिजलीनं लगेच मोठा श्वास घेऊन पोट फुगवलं. तो बांधायचा थांबला. तीही थांबली. तो आमच्याशी चार शब्द बोलला, सहज म्हणून मागे वळला आणि तिनं श्वास सोडल्याबरोबर तंग दोन भोकं पुढे ओढला. लग्नाच्या साडीत जेवायला बसण्याआधी मीही हेच करते, त्यामुळे मला ती तिथेच आवडली.

"झन डरव," घोडीवाला मुलांना म्हणाला. "बिजली बने रेंगथे."

नणंदबाई दचकल्या. "रेंगते? म्हणजे रेंगाळते?"

छत्तीसगढीत रेंगणं म्हणजे नुसतं चालणं. हे मी त्यांना समजावलं. पुढच्या पाच मिनिटांत बिजलीनं सिद्ध केलं की मराठी अर्थही चुकीचा नव्हता.

आधी भाचा बसला, स्कूटरचं हेल्मेट घालून. घोडीवाल्यानं दोर धरला, चुचकारलं. बिजली उभी. नंदाव्यांनी सूचना केली, "टाच लाव, हलकेच." भाच्यानं हलकेच लावली. बिजलीनं डोळे पूर्ण मिटले. घोडीवाला ओशाळून डोकं खाजवू लागला. मग म्हणाला, "बाजा नइ हे ना. बाजा बिना नइ रेंगय."

भाचीनं मोबाइलवर वरातीत वाजतं तसलं एक गाणं लावलं. बिजलीचे कान टवकारले. तिनं मान उचलली, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आम्ही टाळ्या पिटल्या. तिसऱ्याला ती थांबली.

"आता काय?"

"अब नाचना पड़ेगा," घोडीवाला निर्विकारपणे म्हणाला. "नाचहू तभे रेंगही."

बिचारीचं चुकत नव्हतं. तिनं उभ्या जन्मात रस्ता असाच पाहिलेला: दोन पावलं चालायची, मग समोर मंडळी नाचणार, कुणीतरी नोट ओवाळणार, धूळ खाली बसली की पुन्हा दोन पावलं. सरळ शंभर पावलं चालणं हे तिच्या मते अशुभ असावं.

नाचायचं कुणी? सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. शास्त्रानं ज्याला घोडीवरून वाचवलं होतं त्याला घोडीपुढे उभं केलं. ब्याण्णव किलोचा माझा नवरा पाडव्याच्या नव्या कुर्त्यात, चिंचेपासून शाळेपर्यंत, दोन्ही हात वर करून नाचत गेला, आणि मागून बिजली. भाचा झाला, भाची झाली, नणंदबाई झाल्या. नंदाव्यांच्या पाळीला तर बिजलीला दम निघाला, पण नवऱ्याला निघेना. मराठीत आपण 'वरातीमागून घोडं' म्हणून उशिरा आलेल्याची टिंगल करतो. इकडे नाचणारे पुढे आणि घोडी मागे हीच रीत आहे. आमची म्हण या मुलखात नुसती माहिती ठरते.

सासरे इतका वेळ बाजेवर बसून हा तमाशा पाहत होते. आता उठले, पिशवीतून फेटा काढला (तो त्यांनी आणला होता हे कुणालाच माहीत नव्हतं) आणि डोक्याला बांधला. "एक फोटो. नुसतं बसायचं." वय 78. सगळे नको नको म्हणत असताना घोडीवाल्यानं त्यांना बाजेवर चढवून तिथून खोगिरावर अलगद बसवलं.

बिजलीनं मान वळवून फेटा पाहिला.

नेमकं त्याच वेळी गावाच्या वरच्या अंगानं खरा बाजा ऐकू आला. दिवाळीच्या रात्री इथल्या गावांत गौरा-गौरीचं, म्हणजे शंकर-पार्वतीचं लग्न लागतं. रातोरात मातीच्या मूर्ती घडवतात, मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तलावात शिरवतात. देव झोपलेले असताना होणारं हे लग्न आम्ही आमच्या हिशेबात धरायला विसरलो होतो. बिजली विसरली नव्हती. दफडा, मोहरी, समोर लग्न, पाठीवर फेटा. चार महिन्यांची रजा एका क्षणात संपली. गाणं नको, नाच नको. ती चालू लागली. घोडीवाला दोर धरून बरोबर पळत होता आणि आम्ही सात जण मागून धावत होतो.

पळता पळता सासऱ्यांकडे पाहिलं. घाबरले असतील असं वाटलं होतं. कुठलं काय! पाठ ताठ, टाच खाली, डावा हात खोगिरावर, उजवा मिशीवर. मिरवणुकीच्या शेपटाला पोचल्यावर बिजलीनं आपण होऊन चाल धरली, दोन पावलं आणि थांबा. डोक्यावर मूर्ती घेतलेल्या बायका पुढे, मग बाजा, मग गाव, आणि सर्वांत मागे घोड्यावर मराठा. एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलंही, "कहां ले आए हव, मालिक?"

"रतनपूर," सासरे म्हणाले. राहणार तात्यापारा.

तलावाच्या काठावर त्यांना उतरवलं. उतरल्यावर पहिली दोन मिनिटं त्यांचे गुडघे एकमेकांशी बोलत नव्हते, पण इतिहास व्यवस्थित बोलत होता. मी घोडीवाल्याला हजार रुपये मोजून दिले. तेव्हा भाचा, जो त्या वर्षी सातवीत होता आणि ज्याचं पुस्तक ताजं होतं, त्यानं विचारलं, "आजोबा, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार ना? मग दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो त्याला काय म्हणतात?"

"बारगीर," नंदावे म्हणाले. बंगाली अंगाईतले 'बर्गी' ते हेच.

सासरे काही बोलले नाहीत. परतताना गाडीत फेटा मांडीवर होता. राजिमच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "फौजेत बारगीरही पुष्कळ असत."

तुम्हाला कुटुंबासह यायचं असेल, तर देवउठनीच्या आधी या. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत बिजली एक दिवस मोकळी नसते. पायात बंद बूट घाला, गूळ आणा, फेटा आणू नका. आणि आपल्यात एखादा भरपूर वजनाचा, नाचायला न लाजणारा माणूस आहे ना, ते घरीच बघून घ्या. आमच्याकडचा आता येणार नाही म्हणतो.