पीं झाल्यावर बोला

माणसांपेक्षा यंत्रांवर ज्याचा जास्त विश्वास, असा एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते नाना होते. पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्यांची उभी हयात गेली आणि निवृत्तीनंतर मेंटेनन्सला घर सापडलं. बिघडलेली इस्त्री ते दुरुस्त करत आणि न बिघडलेली तपासून बघत. दुसऱ्या जातीच्या इस्त्र्या लवकरच पहिल्या जातीत जात.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं आणि फोन आला की पेढे वाटायचे, असा काळ. नानांकडे फोन होता, म्हणून तो आमच्याकडेही होता. आमच्या, वरच्यांच्या आणि समोरच्यांच्या लग्नपत्रिकांवर नानांचाच नंबर आणि पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं असत. ज्याचा फोन त्याला नाना जिन्यातून हाक मारत. अशा माणसाच्या हाती न्यू जर्सीच्या पुतण्याने आन्सरिंग मशीन ठेवलं, तेव्हाच सोसायटीने सावध व्हायला हवं होतं.

मशीनला हवे ११० व्होल्ट आणि आपल्या भिंतीत त्याच्या दुप्पट. नानांनी बुधवार पेठ पालथी घालून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो मशीनपेक्षा जड होता आणि मशीन गप्प असलं तरी गुणगुणायचा. अमेरिकन वायरीच्या टोकाला नखाएवढा प्लग, तर आपल्या भिंतीवर स्क्रूची डबी. नानांनी प्लग छाटला, वायर सोलली आणि स्क्रूखाली दाबली. पुढे लाइनमन आला. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, “साहेब, मी आहे तोवर काढून ठेवा. मी गेलो की लावा.”

मग निरोप भरण्याचा कार्यक्रम. टेप तीस सेकंदांची आणि मसुदा फुलस्केपभर. नमस्कार, नंबर, ‘आम्ही सध्या घरात नाही’ इथवर ठीक होतं. पण पुढे पी. पी.ची कलमं होती. निरोप वरच्यांसाठी असल्यास तसं आधी सांगावं. समोरच्यांना संध्याकाळी सातनंतरच बोलावलं जाईल. कुणी गेल्याची बातमी असल्यास मृताशी नातं स्पष्ट करावं. टेप नेमकी ‘मृताशी’पाशी संपायची. नानांनी काटछाट केली, घरातला पंखा बंद केला, माईंना स्वयंपाकघरात कोंडलं आणि अखेर सगळा मजकूर तीस सेकंदांत बसवला. शेवटच्या सेकंदाला आतून माईंचा आवाज आला, “अहो, दूध उतू जातंय!” आणि लगेच पीं.

ते पुसून पुन्हा भरावं, असं आम्ही सुचवलं. नाना म्हणाले, “बाकी माप बरोबर बसलंय. एवढा टॉलरन्स चालतो.”

परिणामी निम्मे निरोप “आधी ते दूध बघा” असेच सुरू व्हायचे आणि तिथेच संपायचे. साताऱ्याच्या आत्या एसटीडी बूथमधून बोलायच्या. डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर, त्यामुळे त्यांचा निरोप ठरलेला, “अरे, उचल की मेल्या! आकडे पळतायत!” एका मेहुण्यांची समजूत झाली की नाना रागावून परक्यासारखं बोलतायत. त्यांनी मशीनची माफी मागितली. बाकीचे नुसता श्वास सोडून फोन ठेवायचे. नाना तो श्वास पुन्हा पुन्हा लावून आम्हाला ऐकवत आणि निदान करत, “हा दमा आमच्या व्याह्यांचाच.” संध्याकाळी जिन्यात हाक यायची, “समोरचे! तुमच्या मेहुणीचा निरोप आहे. अगदी खासगी आहे. या सगळे ऐकायला!”

सबंध निरोप न अडखळता सांगणारा माणूस एकच निघाला, सत्यनारायणाचे गुरुजी. तिथी, वेळ, पूजेचं साहित्य, दक्षिणा, सगळं एका दमात. समोरून कुणी उत्तर देत नसताना बोलत राहायचा त्यांचा आयुष्यभराचा सराव. आपल्यासारख्यांना दर वाक्याला समोरून ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ लागतं. ते यंत्र देत नव्हतं आणि त्याविना बोलायला आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं.

नानांना हे पटायचं नाही. ते इतिहास काढत. व्हाल्डेमार पौल्सेन नावाच्या डॅनिश इंजिनिअरने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज धरणारं यंत्र केलं, तेच मुळी फोनवरचे निरोप टिपता यावेत म्हणून. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ त्यावर बोलला आणि तो आवाज अजून शाबूत आहे. “बादशहा बोलला!” नाना म्हणत. “आणि आमच्या मेहुण्याला लाज वाटते!”

यंत्राचा खरा पुणेरी गुण मात्र नानांनी माहितीपुस्तकातून शोधला. बाहेरून घरी फोन लावायचा. नवा निरोप असेल तर मशीन दुसऱ्या रिंगला उचलतं, नसेल तर चौथ्या. म्हणजे तिसरी रिंग ऐकू आली की ठेवून द्यायचं, रुपया वाचला. हे वाचल्यावर नाना घरी थांबेचनात. नाक्यावरच्या फोनच्या लाल डब्यापाशी नाणं हातात धरून उभे राहिले. दुसऱ्या रिंगला पलीकडून आवाज आला. नानांनी आनंदाने नाणं टाकलं.

“हॅलो?” माई म्हणाल्या.

“अगं, तू कशाला उचललास?”

“वाजला म्हणून.”

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. नानांनी बातमी वाचून एकच शंका काढली, “आणि सुखरामांनी उचलला नसता तर?” तिचं उत्तर देशाने पुढे आपल्या पद्धतीने दिलं. न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत, हे हातोहाती मोबाइल आल्यावर सगळ्यांना कळलं. दोन रिंगा म्हणजे पोचलो, एक म्हणजे खाली ये. आत्यासुद्धा मिस्ड कॉल देऊ लागल्या. मशीन माळ्यावर गेलं. ट्रान्सफॉर्मर कशालातरी लागेल म्हणून खालीच राहिला.

गेल्या दिवाळीत नानांनी न्यू जर्सीला फोन लावला. पुतण्याने उचलला नाही, पीं झालं. नाना क्षणभरही गडबडले नाहीत. नाव, दिनांक, भारतातली वेळ, शुभेच्छा, फराळाच्या पार्सलातले जिन्नस, शेवटी धन्यवाद. आमच्या सोसायटीतल्या कुणाही संसारी माणसाने दिलेला हा पहिला संपूर्ण निरोप.

पुतण्याचा उलटा फोन आला. म्हणाला, “काका, हल्ली व्हॉइसमेल कुणी ऐकत नाही. फोनच तो लिहून दाखवतो. पण त्याला मराठी येत नाही. तुम्ही ‘नाना बोलतोय’ म्हणालात, त्याने इंग्रजीत ‘बनाना’ लिहिलंय.”

नानांनी विचार केला.

“बाकी मजकूर बरोबर उतरलाय ना?”