बिनसुरकुतीचा प्रवास

टेरिलीन हा धागा 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी शोधून काढला. पुढे आपल्याकडे त्याचे शर्ट आले, तेव्हा कौतुक एकाच गोष्टीचं होतं: धुवा, झटका, वाळत टाका आणि अंगात घाला, इस्त्रीचं नावच नको. त्याच धाग्याच्या कापडाला सुरकुती पडेल या धास्तीने एक शिकलासवरलेला माणूस कसा वाळत जातो, हे पाहायला साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीवर जावं लागतं. तिथे आमचे साडू राहतात आणि त्यांच्याकडे एक शिडाची होडी आहे.

होडी जुनी, पण पुढचं शीड कोरं करकरीत. ते केवढ्याला पडलं, हे मेव्हणीला अजून कळलेलं नाही. या शिडाला म्हणायचं जेनोआ. होडीच्या नाकापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत एक तार जाते, तिच्यावर ॲल्युमिनियमची नळी, नळीच्या खाचेत शिडाची कड आणि तळाशी एक चक्री. चक्रीचा दोर ओढला की शीड नळीभोवती गुंडाळलं जातं. काम एवढंच. पण शिडाचं कापड शर्टासारखं मऊ नसतं. ते ताणलं जाऊ नये म्हणून त्यात रेझिन भरतात, त्यामुळे नवं शीड पापडासारखं कडक असतं. घडी पडली की तिथलं रेझिन तुटतं आणि रेघ कायमची राहते. इस्त्री फिरवायची सोय नाही.

"त्यातून शिडाला पोट असतं," साडू म्हणाले. "वरखाली कापड कमी, मध्ये जास्त. नळी मात्र सरळ. मग मधलं जास्तीचं कापड जाणार कुठे?"

मी सहानुभूतीने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

आम्हांला जायचं होतं काउझला. आइल ऑफ वाइट बेटावरचं हे गाव म्हणजे शिडाच्या होड्यांचं पंढरपूर. 1826 पासून तिथे शर्यती होतात. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे बराचसा तोंडावर. होडी कलली, डब्यातल्या पोह्यांनी जागा बदलली. सोलंटच्या सामुद्रधुनीत मध्येच ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला उघडा पडला की दोन क्लब त्यावर क्रिकेट खेळतात आणि जिंकायची पाळी आधीच ठरलेली असते. 2008 मध्ये क्वीन एलिझाबेथ 2 हे अवाढव्य जहाज इथेच रुतलं होतं. मला दांड्याची जागा पाहायची होती, पण साडूंनी माझ्या हातात दोर देऊन तोंड शिडाकडे वळवलं होतं.

काउझचे मनोरे दिसू लागले, चहाची दुकानं ओळखू येऊ लागली, तशी साडूंनी होडी गर्रकन वळवली आणि काउझकडे पाठ केली.

"अरे, काउझ तिकडे राहिलं!" मेव्हणी ओरडली.

"गुंडाळताना वारा मागून हवा," साडू म्हणाले. "म्हणजे मागच्या मोठ्या शिडाच्या आडोशाला जेनोआ शांत राहतं."

मग हुकूम सुटले. आधी मागची तार आवळायची, म्हणजे पुढची तार झोल खात नाही. मग शीड वर ओढणारा दोर बघायचा: फार ताणला तर नळीलगत उभ्या सुरकुत्या, सैल सोडला तर आडव्या. साडू एका हाताने चक्रीचा दोर ओढणार, त्याला यंत्र लावायचं नाही, कारण हाताला जड लागलं तर काहीतरी अडकलंय हे हातालाच कळतं. शिडाचा मागचा दोर मी धरायचा. सोडायचा, पण सोडून द्यायचा नाही. ढिला पडला तर गुंडाळी फुगते आणि आत चुण्या पडतात. संसारात इतक्या बारीक सूचना मला कुणी दिल्या नव्हत्या.

अर्धं शीड गुंडाळून झालं आणि मागून भोंगा वाजला. दीडशे मीटरहून लांब जहाजं इथून जातात तेव्हा त्यांच्या पुढे 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर कुणी यायचं नाही असा नियम आहे. एक कंटेनरांचं जहाज येत होतं आणि त्याच्या पुढची बंदराची लाँच आमच्याकडे हातवारे करत होती.

"दोन मिनिटं थांबायला सांगा त्यांना," साडू म्हणाले.

मेव्हणीने एक शब्द न बोलता सुकाणू फिरवलं. होडी वाऱ्यात शिरली, जहाज सुखरूप गेलं आणि जेनोआ फडफडू लागलं. नव्या शिडाला फडफडीइतकं वाईट दुसरं काही नाही. साडूंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाले, "मध्यावर तिरकी चुणी दिसतेय. पुन्हा उलगडू."

पुन्हा उलगडलं, पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा ओढलं. तोवर भरतीच्या ओढीने काउझ कुठल्या कुठे गेलं होतं. शेवटी गुंडाळी अशी जमली की सगळीकडे सारखी जाड, उन्हापासून जपणारी निळी पट्टी बरोबर बाहेर आणि वर दोरांचे दोन वेढे. काउझला पोचलो तेव्हा दुकानदार खुर्च्या टेबलांवर चढवत होता. चहा होडीतच झाला, पोह्यांबरोबर.

परतताना वारा मागून तिरका होता. जेनोआ उघडावं आणि सुखाने घरी यावं असा. आजूबाजूच्या सगळ्या होड्या शिडं फुगवून निघाल्या होत्या.

"उघडूया का?" मी विचारलं.

साडूंनी गुंडाळीवरून प्रेमाने हात फिरवला. "आता? इतकी छान बसलीय!" म्हणाले आणि डिझेलचं इंजिन सुरू केलं.